एका लिटरला

रिकामी पिकअप: ११.
मागे ट्रेलर, ट्रेलरवर होडी, काटा ऐंशीवर: ७॥.
काटा शंभरवर: ५.
आणि वारा समोरून असेल
तर मी वहीत काही लिहीत नाही,
गाडी बाजूला घेऊन चहा पितो.

सूरहून शन्नाचा धक्का, साडेतीनशे किलोमीटर.
सुहैल बिन हमूद डिझेलचे पैसे मोजून देतो.
उरले तर तुझे, म्हणतो,
कमी पडले तरी तुझेच.
तेव्हापासून माझा उजवा पाय
माझा राहिलेला नाही.
झोपलेल्या तान्ह्याच्या छातीवर हात ठेवावा
तसा तो पॅडलवर टेकलेला असतो.

वजनाचं काही नाही हो.
वजन एकदा चालायला लागलं की चालतं,
चढावर कुरकुरतं, उतारावर आपल्यालाच ढकलतं.
खातो तो वारा.
होडीचं पोट केवढं!
पाण्यात जे वळण तिला सोडवतं
तेच रस्त्यावर तिला अडवतं.
ताडपत्री ढिली राहिली की एक किलोमीटर गेलाच.
दोरीची एक गाठ म्हणजे अर्धा लिटर,
हे मला कुणी शिकवलं नाही.
टायरची हवा फजरच्या आधी बघायची,
रबर थंड असताना.
चढ लागला की एसी बंद,
काच खाली, दातांत वाळू.

दाभोळला रुकय्या
सिलिंडर लावल्याची तारीख
कोळशाने भिंतीवर लिहिते.
बेचाळीस दिवस, म्हणाली परवा फोनवर,
जिंकल्यासारखी.
मी म्हटलं, साडेसात.
कशाचे साडेसात, तिने विचारलं नाही.
थोडा वेळ दोघंही गप्प,
तिकडे ज्योत बारीक,
इकडे पाय हलका.

मागच्या खेपेला सुहैल स्वतः शेजारी बसला.
मसीराची फेरी गाठायची होती.
ज़ीद, ज़ीद, म्हणत राहिला,
वाढव, अजून वाढव.
अश्खरा मागे पडलं तेव्हा एकशेदहा,
आणि समुद्राकडून आलेला वारा
होडीत चढून बसला
भाडं न देणाऱ्या पाहुण्यासारखा.
सुहैल रस्ता बघत होता,
मी टाकीचा काटा.

रुमाल शोधताना त्याला माझी वही सापडली.
शेवटच्या पानापासून उघडली त्याने,
त्यांच्या पद्धतीने.
मला घाम फुटला.
आता हा बेरीज करणार,
पुढच्या महिन्यापासून दोन रियाल कमी देणार.

नव्याण्णव? म्हणाला.
एका लिटरला नव्याण्णव?
आणि हसला तो असा
की पुढच्या काचेवर थुंकी उडाली.

मग लक्षात आलं,
माझा एक त्याला नऊ दिसतो.
माझं शून्य त्यांच्याकडे पाच असतं.
माझ्या दहाचे त्याच्याकडे पंचाण्णव झाले होते.

हा हिशोब आहे की दुआ, त्याने विचारलं.
दुआ, मी म्हटलं.
अगदीच खोटं नव्हतं ते.

वही त्याने जपून परत ठेवली.
बराच वेळ बाहेर बघत बसला.
मग म्हणाला, माझा बाप एवढीच होडी घेऊन
याच वाऱ्याचं शेपूट धरून मलबारला जायचा,
एक बैसा न देता.
आपण त्याच्याशी भांडतोय
दोनशे अठ्ठावन्न बैसा लिटरने.

शुवय, म्हणाला. हळू घे.
काटा ऐंशीवर आणला.
होडी मागे गुपचूप झाली.

फेरी चुकलीच.
धक्क्यावर होडीच्या सावलीत चटई टाकली,
डब्यातला भात दोघांनी खाल्ला.
तो घोरायला लागल्यावर
टॉर्चच्या उजेडात मी लिहिलं:
आज, ६. उरलेले रियाल, ०.

जरा वेळ ते शून्य
त्याच्या डोळ्यांनी बघितलं.
पाच.
काही वाईट नाही.